डोकं टेकायची जागा

१

खिडकीकाकूंना तोंडावर कुणी खिडकीकाकू म्हणत नसे, पण ते नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. खिडकी काय नुसता वारा यायला असते? तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीतून काकूंनी उभी इमारत पाठ केली होती. कोण कितीला परततं, कुणाच्या पिशवीतून काय डोकावतं, कोण कुणाशी बोलेनासं झालंय, सगळं. पण इतक्या वर्षांत शेजाऱ्यांची घरं त्यांनी पाहिली ती फार तर उंबरठ्यापर्यंत. आतल्या खोल्या म्हणजे नुसता अंदाजाचा कारभार.

मग वीजकेंद्रात तो अपघात झाला. अणुभट्टी फुटली म्हणे. सगळ्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये घालून नेलं, पत्र्याच्या खोल्यांत ठेवलं. तिथे मुलं मोठी झाली, म्हातारी माणसं एकेक करून गेली. काकूंचे यजमानही त्यातच गेले, झोपेत, कुणाला कसला त्रास न देता. आणि बऱ्याच वर्षांनी सरकारला इमारतीची आठवण झाली. साफसफाई सुरू झाली. सफाई नीट होते का हे बघायला रहिवाशांचीच एक देखरेख समिती नेमली. पहिला हात कुणी वर केला असेल हे सांगायला नको.

समितीचा नियम एकच, पण पक्का. सफाईवाले निघून गेले की घर यंत्रानं मोजायचं, आणि आपलं घर आपण मोजायचं नाही, शेजाऱ्यानं मोजायचं. "आपल्या घरात माणूस आंधळा होतो," असं मीटरवाल्या ताई म्हणाल्या होत्या. या ताई शहरातून यायच्या आणि लोकांना ते किरण मोजायचं यंत्र शिकवायच्या. यंत्राला समितीनं नाव ठेवलं होतं टिकटिक्या. जास्त असेल तिथे तडतडायचा, कमी असेल तिथे सावकाश टिक… टिक करायचा.

"एक लक्षात ठेवा," ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हा कधीच पूर्ण गप्प बसत नाही. मातीत थोडं असतं, विटेत असतं, केळ्यात असतं, तुमच्या माझ्या अंगातसुद्धा असतं. जगात सगळीकडे थोडी टिकटिक चालूच असते. पूर्ण गप्प बसला तर समजा, काहीतरी बिघडलंय."

"म्हणजे आमच्या काकूंसारखाच की हो!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, काकू सगळ्यांत जास्त.

सुरुवातीचे दिवस काकूंना सणासारखे गेले, आणि किळसही आयुष्यात आली नव्हती इतकी आली. बँकवाल्यांच्या पलंगाखाली काय निघालं, वरच्या मास्तरीणबाईंच्या माळ्यावर काय निघालं, ते इथे न सांगितलेलंच बरं. फ्रीज मात्र सांगायलाच हवेत. त्या दिवशी वीज गेली तेव्हापासून प्रत्येक घरातला फ्रीज बंद होता, भरलेला. ते उघडायचे नाहीत, चिकटपट्टी गुंडाळून तसेच खाली न्यायचे, असा हुकूम होता. जिन्यात एक फ्रीज जरा कलंडला आणि दाराच्या रबरातून एक तपकिरी धार सुटून पायरीपायरीनं खाली आली. तो नुसता वास नव्हता, जिभेवर येऊन बसणारी वस्तू होती. काकूंनी नाकाला रुमाल लावला, पण डोळे काही मिटले नाहीत.

हे सगळं त्या नाक दाबून सोसत होत्या ते कुतूहलापायी तर होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. त्यांची नात, ठकी. परगावी भाड्याच्या खोलीत जन्मलेली, आता कुठे बसायला लागलेली. सूनबाईनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "आई, घर नीट मोजून झालं तरच आम्ही येऊ. नाहीतर यांना लांबची नोकरी सांगून आलीय, तिकडे राहायला जागाही देतायत. मग आमचं इकडे येणं व्हायचं नाही."

२

समोरच्या दारात शिंपीण राहायची. काकूंच्याच वयाची, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असलेली, आणि काकूंची सगळ्यांत जुनी मैत्रीण. नियमाप्रमाणे तिचं घर काकूंनी मोजायचं आणि काकूंचं तिनं.

शिलाईचं मशीन ठेवायची ती जागा सफाईवाल्यांनी खरवडून पार सिमेंटपर्यंत नेली होती. भिंत कशी नवीकोरी, करडी. पण बरोबर मधोमध एक डाग होता. साधारण डोक्याएवढा. तेलकट, पिवळसर तपकिरी, कडेला ओलसर.

"हे राहिलं वाटतं त्यांच्याकडून," काकू म्हणाल्या.

"राहिलं असेल. भिंतीला पाठ लावून बसायची ना मी. काजं करताना डोकं टेकायची. तेलकट झाली असेल भिंत."

काकूंनी टिकटिक्या डागाजवळ नेला. तो थांबला. हळू झाला नाही, थांबला. खोलीत एकदम इतकं सामसूम झालं की शिंपिणीच्या नाकातली शिट्टी ऐकू आली.

"बॅटरी गेली वाटतं मेल्याची." काकूंनी त्याला तळहातावर आपटला, खिडकीशी नेला. टिक… टिक टिक… टिक. चांगला जिवंत होता. पुन्हा डागाशी आणला. गप्प.

शिंपीण लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली. "अगं, म्हणजे इथे काहीच नाही! एक टिकसुद्धा नाही! अख्ख्या इमारतीत माझी भिंत पहिली आली बघ!"

वर्षानुवर्षं ती टिकटिक ऐकून लोकांच्या काळजाचं पाणी झालं होतं. तो गप्प बसावा एवढंच प्रत्येकाला हवं होतं. काकूंना ताईंचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण मैत्रिणीचं तोंड इतकं उजळलेलं त्यांनी फार दिवसांनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "असेल बाई."

आणि सवयीप्रमाणे, हात लावल्याशिवाय काही राहवेना, म्हणून हातमोज्याचा अंगठा डागावर दाबला. सिमेंट टणक लागायला हवं होतं. अंगठा किंचित आत गेला. काढला तेव्हा मऊ तार निघाली, काकवीची निघते तशी. वास आला. जुना, वर्षभर खोळ न धुतलेल्या उशीचा.

"कोमट आहे गं," काकू म्हणाल्या.

"ऊन पडतं ना त्या भिंतीवर," शिंपीण म्हणाली. त्या भिंतीवर ऊन पडत नव्हतं. दोघींनाही ते माहीत होतं.

३

काकूंच्या स्वतःच्या घरातही डाग होता, पण तो डाग जुना आणि नात्यातला होता. कोचाच्या वर, यजमान डोकं टेकून रेडिओ ऐकायचे तिथे. उभं आयुष्य त्या डागावरून काकूंनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. "भिंतीला तेल पाजताय का हो?" म्हणायच्या. त्यांचं पार टक्कल पडलं तरी तेल थापायचं काही सुटलं नव्हतं. "आशा सोडू नये," म्हणायचे आणि पुन्हा भिंतीला टेकायचे.

सफाईवाल्यांनी ती भिंत खरवडली तेव्हा काकू बाहेर जिन्यात उभ्या होत्या. आतून खरवडण्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी आपल्याच पाठीवरून पत्रा फिरवतंय असं त्यांना वाटत होतं. सगळं पावडरीसारखं काळ्या पिशवीत गेलं. पिशवीला गाठ मारून सफाईवाल्यांच्या मुकादमानं ती खाली मैदानात नेली, हजारो पिशव्यांच्या ढिगात.

काही दिवसांनी त्या खिडक्या उघडायला घरी आल्या. कोचाच्या वर डाग होता. त्याच जागी, तसाच.

 काकूंना भीती नाही वाटली, खोटं कशाला बोला. रडूच आलं. "आलात होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तिकडे पत्र्यातच राहिलात." कोचावर गुडघे टेकून त्यांनी डागाला गाल लावला. कोमट होता. झोपून उठलेल्या माणसाचं अंग असतं तेवढा.

गालाला काहीतरी टोचलं.

काकू मागे सरकल्या, चष्मा वर करून पाहिलं. केस. बारीक, बिनरंगाचे, बोटभर लांब, तेलात चिकटून बसलेले. त्यांनी एक चिमटीत धरून ओढला. तो सहज आला नाही. ओढताना डागाची कड जराशी ताणली गेली, कातडी ताणली जावी तशी, आणि मग केस सुटून आला. टोकाला मुळाशी असतो तो पांढरा ठिपकाही होता.

यजमानांच्या डोक्यावर केस होते कुठे?

 हा गाल आपण तिथे लावला, हेच काकूंना आधी आठवलं. धावत जाऊन त्यांनी गाल घासला, राठ ब्रशनं, लाल होईतो. मग सफाईवाल्यांची पद्धत आठवून ओल्या कागदांचा गठ्ठा घेतला. कागद एकाच दिशेनं ओढायचा, परत फिरवायचा नाही, घाण आत घेऊन घडी घालायची, काय आलं ते बघायचं, टाकायचा, दुसरा घ्यायचा. कागदावर येत होतं ते मेणासारखं होतं. पिवळट, दाणेदार, कानातून निघतं तसलं, पण कितीतरी. शेवटी सिमेंट कोरडं दिसलं तेव्हा काकूंनी कागदांची पिशवी बाहेर ठेवली, मोरीत जाऊन ओकल्या, आणि जरा जीव शांत व्हावा म्हणून चहा टाकला.

चहा गाळून बाहेर आल्या तर डाग जागच्या जागी होता. कड जरा जास्त ओली होती, एवढंच.

नळ गळत असेल, असं काकूंनी स्वतःला समजावलं. ओल आली की बुरशी येते, बुरशीला तंतू येतात. त्या भिंतीतून नळ जात नव्हता. जिथून जात होता तिथलं पाणी अजून सुरूच झालं नव्हतं, चहाचं पाणीही त्यांनी खालून बादलीनं आणलं होतं. मग दुसरं काहीतरी असेल. शिकलेल्या माणसांना माहीत असेल.

४

त्यानंतर काकू दुसऱ्यांच्या घरी गेल्या की आधी भिंती बघायला लागल्या. आणि त्यांच्या एक लक्षात आलं. सफाई झालेल्या, रिकाम्या, सामान न लावलेल्या घरांत भिंतीवर कॅलेंडरं लागली होती. घड्याळं लागली होती. एकजात सगळी खाली लावलेली, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला.

"घड्याळ इतकं खाली कुणी लावतं का हो?" त्यांनी बँकवाल्यांना विचारलं. हे एरवी फार रुबाबदार गृहस्थ, कपाळावर आठी घेऊनच जन्मलेले.

"गुडघे दुखतात माझे. बसूनच वेळ बघतो."

"बंद आहे ते."

"काकू, तुम्हाला घर मोजायचंय की घड्याळ?"

काकूंनी टिकटिक्या घड्याळापाशी नेला. गप्प. बँकवाल्यांनी लगेच छाती फुगवली. "बघा. माझ्या घरात आवाजसुद्धा नाही." पण काकूंचा हात घड्याळाकडे जाताच त्यांनी तो धरला. रुबाब कुठच्या कुठे गेला. "राहू द्या ना तेवढं," ते हळूच म्हणाले. "आता पुन्हा पत्र्यात नका पाठवू मला. तुमच्या पाया पडतो."

घड्याळाच्या खालून एक पिवळा ओघळ फरशीपर्यंत आला होता. त्यात केस होते.

मास्तरीणबाईंकडे आरसा होता, उलटा लावलेला. तळमजल्यावर नवराबायकोच्या फोटोची चौकट होती, भिंतीला चिकटून बसलेली. कुणीच काही बोलत नव्हतं. भेटले की सगळे एकमेकांना सांगायचे, "आमच्याकडे अगदी शांत आहे हो," आणि नजर चुकवायचे.

काकूंनी शेवटी मुकादमालाच गाठलं. तो मैदानात पिशव्यांच्या ढिगाशी डबा खात होता. कसा खाववत होता देव जाणे. "भिंतीचं ते परत येतंय," त्या म्हणाल्या.

"आम्ही खरवडतो, बाई. जेवढं सांगितलं तेवढं खरवडलं. परत परत खरवडायचं तर भिंत उरेल का?"

"पण आहे काय ते?"

"माणसाचं वंगण." तो डबा बंद करत म्हणाला. "सगळ्या घरात निघतं. तुम्ही राहिलेले असता ना तिथे." मग पिशव्यांकडे बोट करून म्हणाला, "पण तुम्ही लोक होता तरी किती जण?"

काकूंनी पिशव्यांकडे पाहिलं. भिंतींच्या खरवडीच्या पिशव्या वेगळ्या रचल्या होत्या. गोल, काळ्या, चकचकीत, एकमेकींवर डोकं टेकून बसल्यासारख्या. त्यांच्याजवळ माश्या नव्हत्या. बाकी मैदानभर माश्याच माश्या होत्या.

५

काकूंनी मीटरवाल्या ताईंना फोन लावला. लावला, हे सांगायला हवं.

"ताई, एक शंका. टिकटिक्या एखाद्या ठिकाणी अगदीच गप्प झाला तर?"

"बॅटरी बघा."

"बघितली. दुसरं यंत्रही आणून बघितलं."

 "असं होत नाही, काकू. शिशाच्या पेटीत घातला तरी एखादी टिक येते. कुठल्या घरात होतंय? मी उद्या येते. तोवर ते घर बंद ठेवा, कुणाला राहायला येऊ देऊ नका. खरं तर अख्खी इमारतच…"

काकूंच्या डोळ्यांसमोर सामान बांधून बसलेली सूनबाई आली. लांबची नोकरी आली. ठकीचे दोन दात आले, फोटोत पाहिलेले.

"नाही नाही," त्या म्हणाल्या, "मीच चुकीचं बटण दाबलं असेल. वय झालं हो आता. तुम्ही नका तसदी घेऊ."

दुसऱ्या दिवशी शिंपीण काकूंचं घर मोजायला आली. तोवर काकूंनी कपाट ढकलून कोचाच्या जागी, डागासमोर लावून ठेवलं होतं. शिंपिणीनं स्वयंपाकघर मोजलं, मोरी मोजली, खिडकी मोजली. टिक… टिक. सगळं चारचौघांच्या घरासारखं. मग ती कपाटाशी आली. टिकटिक्या कपाटाच्या लाकडातूनही गप्प झाला.

 शिंपिणीच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. तिच्या अंगालाही आता तो उशीचा वास येत होता. किंवा काकूंच्याच नाकात बसला असेल.

"कपाट छान दिसतंय इथे," शिंपीण म्हणाली.

"तुझं कसं चाललंय?"

"आता शिवताना भिंतीकडे तोंड करून बसते. पाठ करून बसलं की…" ती थांबली. तोंडात टाचण्या नव्हत्या तरी ओठ आवळून धरले होते. "जाऊ दे. पोर कधी येतेय?"

"रविवारी. तू पास केलंस तर."

शिंपिणीनं यंत्राचा कान पिळून ते बंद केलं. "किती शांत घर आहे गं तुझं," ती म्हणाली.

"तुझ्यासारखंच," काकू म्हणाल्या.

६

रविवारी इमारतीच्या फाटकात ही गर्दी. परतणाऱ्या प्रत्येकाला फाटकात मोजायची समितीनं पद्धतच पाडली होती. उगाच धसका राहायला नको. मुलगा पिशव्या घेऊन पुढे, सूनबाई मागे, तिच्या खांद्यावर ठकी. बँकवाल्यांनी टिकटिक्या ठकीच्या पोटाजवळ धरला.

टिक… टिक टिक… टिक.

सूनबाईचा चेहरा पडला. "आई, हिच्यात आहे!"

"अगं, सगळ्यांतच असतं तेवढं," काकूंनी समजावलं. "केळ्यातही असतं." ठकीला यंत्राचं इतकं हसू येत होतं की तिनं ते लाळेनं भिजवून टाकलं. ती लाळसुद्धा काकूंना इतकी गोड वाटली की त्यांनी ती आपल्या बाहीनं पुसली. कित्येक महिन्यांत त्यांना किळस न आलेली ती पहिली ओली वस्तू.

घर सूनबाईला आवडलं. उजेड आहे म्हणाली, वारा आहे म्हणाली. फक्त एकदा नाक मुरडून म्हणाली, "कुणाची जुनी उशी आहे का हो इथे?"

"कपाट बरेच दिवस बंद होतं ना," काकू म्हणाल्या, आणि चहा करायला आत गेल्या. मुलगा खाली उरलेलं सामान आणायला गेला. सूनबाई मोरीत हातपाय धुवायला गेली. ठकीला सतरंजीवर बसवून ठेवलं होतं, अगदी मधोमध. कपाटापासून लांब. काकूंनी स्वतः बसवलं होतं.

७

आवाज आला तो अगदी लहान होता. चुक्. एखादं चिकटवलेलं तिकीट सोलून काढावं तसा. थोड्या वेळानं पुन्हा. चुक्.

काकू बाहेर आल्या. ठकी सतरंजीवर नव्हती. सरकत सरकत ती कपाटाशी गेली होती आणि कपाटाच्या दाराला पाठ लावून बसली होती. डोकं मागे टेकवायची, पुढे आणायची. पुढे आणलं की आवाज यायचा. तिला मजा वाटत होती. कपाटाच्या लाकडावर, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीला, एक लहानसा ओला डाग होता.

इथे कुणीही पोर उचललं असतं. काकूही उचलणारच होत्या. पण कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती, आणि काकूंनी आयुष्यात कुठलीही फट न बघता सोडली नव्हती.

त्यांनी डोळा लावला.

आधी नुसता अंधार आणि तो वास, इतका दाट की डोळ्याला झोंबला. मग दिसायला लागलं. भिंतीवरचा डाग पहिल्या जागी नव्हता. तो खाली आला होता, ठकीच्या उंचीला. आणि आता तो सपाट नव्हता. सिमेंट बाहेर आलं होतं, गोल, केसाळ, घामेजलेलं, आणि कपाटाच्या पाठीला टेकलं होतं. ठकीनं डोकं पुढे नेलं की ते जरासं मागे जायचं. ठकीनं टेकलं की ते टेकायचं. दोन माणसं पाठीला पाठ लावून बसतात ना, तसं. त्या भिंतीपलीकडे कुणाचं घर नव्हतं. बाहेर तिसऱ्या मजल्याइतकी नुसती हवा होती.

आपण दमलोय, आपल्याला भोवळ येतेय, असं काकू मनातल्या मनात म्हणत होत्या, आणि तेवढ्यात ते वळायला लागलं. सावकाश, झोपेत कूस बदलावी तसं. केसांच्या कडेला एका कानाची पाळी दिसली, मळकट, मऊ.

काकूंनी पोर ओढून उचललं. डोकं मागून कपाटाला चिकटलं होतं. एक तार लांब ताणली गेली आणि तुटली. ठकी रडली नाही. तिनं फक्त कपाटाकडे मान वळवली.

८

"काय झालं आई? ओरडलात का?" सूनबाई हात पुसत आली.

"झुरळ," काकू म्हणाल्या. "आपण आज परत जाऊ गं. तुमच्याच खोलीवर. मीही येते."

"झुरळासाठी?" सूनबाई हसली. "तुम्हीच तर सहा महिने मागे लागला होतात."

काकूंनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात दारात शेजारी जमले. पोर बघायला. बँकवाले, मास्तरीणबाई, मुलाच्या हातातलं सामान धरायला लागलेली शिंपीण. सगळ्यांचे चेहरे आनंदानं उजळले होते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली तेच काळं होतं. आता भिंत दाखवायची म्हणजे आधी घड्याळ दाखवायचं, आरसा दाखवायचा, शिंपिणीचं मशीन दाखवायचं. काकूंनी एकेकाकडे पाहिलं. एकेकानं नजर खाली घातली. फक्त शिंपिणीनं घातली नाही. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको.

"एकदा परत मोजता का हिला?" सूनबाई म्हणाली. "फाटकात वाजलं तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय."

शिंपिणीनं टिकटिक्या आणला. दारातून येताना टिक… टिक करत होता. ठकीच्या पोटाजवळ आला, छातीजवळ आला, डोक्याजवळ आला.

खोलीत इतकं सामसूम झालं की खाली मैदानात प्लॅस्टिक फडफडल्याचा आवाज आला.

"काहीच नाही!" सूनबाई किंचाळली. "आई! एक टिकसुद्धा नाही! घरी आली आणि गेलं बघा सगळं!" ती रडायलाच लागली. बँकवाल्यांनी टाळी वाजवली, मग मास्तरीणबाईंनी, मग सगळ्यांनी. मुलानं वाकून काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलं, जन्मात पहिल्यांदा. टाळ्या थांबेनात. ठकी हसत नव्हती. काकूंच्या कडेवरून ती कपाटाकडे बघत होती, वाट बघणाऱ्या माणसासारखी.

काकू तिला घेऊन मोरीत गेल्या. दार लावलं. कोनाड्यातला ओल्या कागदांचा गठ्ठा घेतला, एक कागद काढला, आणि ठकीच्या डोक्याच्या मागच्या बाजूवरून एकाच दिशेनं ओढला. अगदी हलक्या हातानं. ठकीला जावळ असं नव्हतंच, नुसती लव होती. कागदाला काहीतरी अडकलं, ताणलं गेलं, सुटलं.

घाण आत घेऊन घडी घालायची. बघायचं आणि टाकायचं.

काकूंनी घडी घातली, मुठीत गच्च धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, बघितलं नाही.